बर्फगाडीचा हिवाळा

कायझर्सलाउटर्नला बर्फ फार टिकत नाही. दोन दिवस असतो, तिसऱ्या दिवशी चिखल. यंदा डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात पडला. सकाळी पडदा सरकवला तर समोरच्या गाड्यांची टपं पांढरी झालेली. इरा, माझी मुलगी, पायजम्यावरच बूट चढवून खाली पळाली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ फावड्याने फुटपाथ खरवडत होते. लोखंड दगडावर घासल्याचा तो आवाज वर आला आणि मी पडदा परत ओढून घेतला.

बर्फ दिसला की लोकांना शांतता आठवते म्हणे. मला आवाज आठवतो. आणि आवाजामागून वास येतो. डिझेलचा, तापलेल्या रबराचा, आणि त्या दोन्हींच्या खाली, न घासलेल्या तांब्याच्या भांड्याला येतो तसला, रक्ताचा.

दोन हिवाळ्यांपूर्वी मी एका बर्फगाडीवर काम करत होते. पुण्यात इंजिनिअरिंग, इथे जर्मनीत येऊन डॉक्टरेट, आणि मग सैन्यासाठी गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी, असा तो सरळ रस्ता होता. ही गाडी म्हणजे दोन डबे. प्रत्येकाखाली रणगाड्यासारखे दोन पट्टे, पण रबराचे, आणि दोन्ही डब्यांच्या मधे माणसाच्या मांडीएवढा जाड लोखंडी सांधा. पुढचा डबा वळला की मागचा त्याच्या मागोमाग वळतो. जिथे माणूस कमरेपर्यंत बुडतो, तिथून ती शस्त्रं, दारूगोळा आणि डझनभर सैनिक घेऊन जाते. वजन अवाढव्य, पण पट्टे इतके रुंद की बर्फावर तिचा भार माणसाच्या पावलापेक्षाही हलका पडतो. नोकरीच्या मुलाखतीत हे वाक्य मी फार हौसेने म्हटलं होतं. समोरचे तिघेही कौतुकाने हसले होते.

चाचण्या आल्प्सच्या पायथ्याशी, आलगॉयमधल्या एका दरीत चालत. आम्ही तिघं होतो. गेरहार्ड गाडी चालवायचा. साठी ओलांडलेला, आधी सैन्यात, पहाडी तुकडीत होता. इल्हान मेकॅनिक. पंचेचाळिशीचा, वडील तुर्कस्तानातून कामाला आलेले, पण याची जर्मन बोली इतकी अस्सल, इथल्या फाल्त्स भागातली, की मला निम्मी कळायची नाही. आणि मी मागच्या डब्यात, लॅपटॉप घेऊन. पट्ट्याच्या आत मी सेन्सर बसवले होते. पट्ट्यावर किती ताण येतो, कुठे येतो, तो कधी तुटेल, हे शोधायचं माझं काम.

माझ्या आजूबाजूच्या बाकांवर सैनिकांऐवजी वाळूच्या गोण्या सामानाच्या पट्ट्यांनी बांधलेल्या असत. प्रत्येक गोणीचं वजन हत्यारासकट एका जवानाएवढं. गाडी उतारावर आडवी घातली की त्या सगळ्या एकदम माझ्या अंगावर कलायच्या. गेरहार्डला गाडीची दया नव्हती, कारण तेच तर तपासायचं होतं. तो तिला गोठलेल्या ओढ्यात आपटायचा, दगडांवरून उडवायचा. कोवळी फरची झाडं वाटेत आली तर त्यांच्यातूनच न्यायचा. बुंधे पोटाखाली कडाकड मोडत जायचे आणि मागच्या काचेतून पांढऱ्या ओलसर ढलप्या उडताना दिसायच्या. मला ते आवडायचं. आज लिहायला संकोच वाटतो, पण फार आवडायचं. ज्या बर्फाला सगळं गाव घाबरून होतं, त्याला आम्ही तुडवत चाललोय, असं वाटायचं.

एकदा एक हरणी आली. खोल बर्फात रुतलेली, दमलेली. तिला पळता येईना आणि गेरहार्डला उतारावर थांबता येईना. पट्टा तिच्या मागच्या पायांवरून गेला. उतार संपल्यावर गाडी थांबवून तो खाली उतरला, फावड्याने एक घाव घातला आणि परत येऊन बसला. मी स्क्रीनवर बघत होते. आलेखाच्या सरळ रेषेवर एक बारीकसा उंचवटा आला होता. मी त्याच्यापुढे ‘अडथळा, मऊ’ अशी नोंद केली.

दुपारी डबा खाताना मी गेरहार्डला विचारलं, "ही गाडी शेवटी करणार काय?"

"माणसं मरायला नेणार," तो म्हणाला, "आणि त्यातली काही परत आणणार. मला दुसऱ्या कामात रस आहे."

इल्हान हसला. "मला पगारात."

तो खरं तर आमच्यातला सगळ्यात काळजी घेणारा माणूस होता. माझे हातमोजे पातळ आहेत हे बघून त्याने दुसऱ्याच दिवशी आपली जादा जोडी मला आणून दिली होती. मी डब्यात नेलेली मेथीची पोळी तो मागून घेऊन खायचा आणि तिला ‘हिरवी’ म्हणायचा. "उद्या हिरवी आण."

जानेवारीच्या सुरुवातीला हवा बिघडली. वारा असा की बर्फ वरून न पडता आडवा येत होता. अशा थंडीत पट्टा आणि चाकं यांच्या मधे बर्फ दाबून दाबून बसतो, दगडासारखा होतो, आणि पट्टा चाकावरून उतरायला बघतो. मग थांबून तो फोडावा लागतो. नियम असा की त्या वेळी इंजिन बंद हवं. पण बंद केलं तर पट्ट्याचा पुढचा भाग हाताशी येत नाही. दर वेळी चालू-बंद करण्यात तास जातो. म्हणून सगळेच करत तसं आम्ही करत होतो. इल्हान पहारीने बर्फ फोडायचा, मी गाडीच्या मागे बाजूला उभी राहून आरशातून गेरहार्डला खूण करायचे, तो गाडी वीतभर पुढे घ्यायचा, परत थांबायचा.

त्या दिवशी वॉकीटॉकी मी डब्यातच ठेवून उतरले होते. चार पावलांवर तर उभं राहायचं होतं.

इल्हानचा मोजा दातेरी चाकात अडकला. मला तो अडकताना दिसला नाही. मला दिसलं ते त्याचं तोंड. ते उघडलं होतं आणि इंजिनच्या घरघरीत त्यातून काही ऐकू येत नव्हतं. मी तळहात उभा धरला. गेरहार्ड थांबला. इल्हानचा हात पट्टा आणि चाकाचे दात यांच्यामध्ये मनगटापर्यंत गेला होता. इल्हान ओरडत होता, "त्सुऱ्युक! त्सुऱ्युक!" मागे. मागे घ्या. चाक वीतभर उलटं फिरलं असतं तर हात सुटला असता.

मी आरशाकडे बघून हात केला. मागे ये, माझ्याकडे ये.

गाडी पुढे गेली.

वीतभरच गेली. हात कोपरापर्यंत आत ओढला गेला, आणि या वेळी मात्र आवाज आला, इंजिनच्या वरून आला. फर मोडतानाचाच आवाज. मी आणखी जोरात हात केला. गाडी आणखी दोन बोटं पुढे सरकली. मग मी धावले, दारावर दोन्ही मुठी आपटल्या. गेरहार्डने माझं तोंड बघितलं आणि काय ते त्याला कळलं. त्याने गाडी मागे घेतली. पट्ट्याने हात सोडला. त्याला हात म्हणायचं म्हणून म्हणायचं.

गेरहार्डने सामान बांधायचा पट्टा काढून दंडाला आवळला, त्यात पाना घालून पिळला. हेलिकॉप्टर अशा हवेत उडणार नव्हतं. मग त्याच गाडीच्या मागच्या डब्यातल्या गोण्या सोडून बाहेर फेकल्या आणि इल्हानला बाकावर आडवा केला. तो पाना सुटू नये म्हणून मी त्यावर माझं सगळं वजन टाकून बसले. खाली उतरायला चाळीस मिनिटं लागली. प्रत्येक दगडावर डबा उडत होता आणि प्रत्येक वेळी इल्हान डाव्या हाताने मला मारत होता. छातीवर, मानेवर, तोंडावर. मुठीने. माझा ओठ फाटला. "सोड, सोड मला," म्हणत होता. मग माझ्या खांद्याला त्याने दात लावले आणि शुद्ध जाईपर्यंत सोडले नाहीत. मी पाना सोडला नाही. पण त्याबद्दल मला कुणी शाबासकी देऊ नये.

हात कोपराखाली कापावा लागला. उजवा.

तीन दिवसांनी अपघाताची चौकशी करायला एक अधिकारी आले. सभ्य, हळू बोलणारे, चष्म्याची काच सारखी पुसणारे. मी फुटलेल्या ओठाने त्यांना सांगितलं: मी मागे घेण्याची खूण केली, ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली. गेरहार्डने त्यांना सांगितलं: तिने मला पुढे जाण्याची खूण केली. एकदा नाही, दोनदा. इल्हानला काहीच आठवत नव्हतं.

गेरहार्ड खोटं बोलतोय याचा मला इतका संताप आला की कॉरिडॉरमध्ये मी त्याच्या अंगावर ओरडले. पेन्शनला दोन वर्षं राहिली म्हणून एका माणसाचा हात गेला आणि तू खोटं बोलतोस? तो भिंतीला टेकून उभा होता. एवढंच म्हणाला, "मी जे पाहिलं तेच बोललो." मी कागदावर सही केली. गेरहार्डला कामावरून दूर ठेवण्यात आलं.

माझ्या सेन्सरमध्ये सगळं उतरलं होतं. थांबणं, मग उंचवटा, मग आणखी एक. मी ती फाइल एकदा उघडली आणि दुसरा उंचवटा यायच्या आत बंद केली.

घरी परतले तेव्हा माझे सासरे, अप्पा, साताऱ्याकडून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले होते. सैन्यात ड्रायव्हर होते ते. उंचावरच्या बर्फात दोन हिवाळे त्यांनी रसद वाहिली होती आणि पायाची दोन बोटं तिथेच ठेवून आले होते. त्याबद्दल ते बोलत नसत. माझ्या ओठाकडे बघून त्यांनी एकदाच विचारलं, "मार बसला का पोरी?" मी हो म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. दोन आठवडे मी आंघोळ केली, जेवले, इराच्या वेण्या घातल्या, आणि मनात गेरहार्डला शिव्या दिल्या.

संक्रांतीनंतरचा शनिवार होता. अप्पांनी स्वतः तिळाचे लाडू वळले होते आणि शेजारच्या फ्राऊ लोरेंत्सना द्यायचे म्हणून बाल्कनीत उभे होते. त्या खाली पिशवी घेऊन चालल्या होत्या. अप्पांनी हाक मारली, "हॅलो! अहो बाई!" त्यांनी वर बघितलं. अप्पांनी हात पुढे करून, तळवा खाली ठेवून, चार बोटं आपल्याकडे ओढली. या, इकडे या. आपण सगळे करतो तसं. फ्राऊ लोरेंत्सचा चेहरा पडला. त्या दोन पावलं मागे सरल्या. अप्पांनी आणखी जोरात हात हलवला. त्या वळल्या आणि भराभर निघून गेल्या.

"अगं, या बाई पळाल्या का?" अप्पा म्हणाले.

इरा टेबलावर चित्र काढत होती. वर न बघताच जर्मनमध्ये म्हणाली, "नाइन, आजोबा. दास हाइस्ट वेक." मग त्यांना कळलं नाही हे लक्षात येऊन, नाइलाजाने मराठीत, "असा हात म्हणजे ‘जा’. ‘ये’ म्हणायचं तर हात उलटा." आणि तिने आपला तळवा वर करून बोटं वाकवून दाखवली.

माझ्या हातात लाडवांची ताटली होती. ती मी नीट खाली ठेवली, हे आठवतं. मग माझा हात मी डोळ्यांपुढे धरला, तळवा खाली, आणि बोटं आपल्याकडे ओढली. बाहेर बर्फ नव्हता, वारा नव्हता, तरी मला तो आरसा दिसला आणि आरशात त्याला दिसलेली मी दिसले. जा. पुढे जा. आणखी जा.

समीरला, माझ्या नवऱ्याला, मी त्याच दुपारी सांगितलं. त्याने आधी बाल्कनीचं दार लावलं. मग म्हणाला, "तुझी सही झालीय. कुणी पाहिलेलं नाही. आणि तुझा इथे राहायचा परवाना या नोकरीवर आहे, मुग्धा. जरा विचार कर."

"मी काय विचार करू?"

"हेच, की तू मुद्दाम केलं नाहीस."

"गेरहार्डनेही मुद्दाम केलं नाही ना!"

अप्पा दारात उभे होते, हे आम्हाला कळलं नव्हतं. ते आत आले, खुर्चीवर बसले. "समीर, तू गाडी चालवलीस ती रस्त्यावर," ते म्हणाले. "बर्फात ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. माणूस दिसत नाही, तोंड दिसत नाही. त्याला फक्त हात दिसतो. त्या हातावर तो गाडी टाकतो. तो हात खोटा निघाला तर त्याने जायचं कुठे?" मग माझ्याकडे वळून, "कधी जातेस?"

"सोमवारी."

"मी येऊ?"

"नको, अप्पा."

चष्म्याची काच पुसणाऱ्या त्या अधिकाऱ्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "करून दाखवा." मी टेबलावरून त्यांच्याकडे बघत हात केला. त्यांची खुर्ची इंचभर मागे सरकली. सरकल्याचं त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी लिहायला घेतलं.

गेरहार्डवरचा ठपका निघाला. माझा करार हिवाळा संपताना संपला, वाढला नाही. परवान्याची धावपळ झाली, चार महिने फार वाईट गेले, मग शेतीच्या यंत्रांवरचं दुसरं काम मिळालं. गेरहार्डला मी फोन केला होता. शब्द जुळवून ठेवले होते, पण त्याने मला बोलूच दिलं नाही. "मी खाली उतरून बघायला हवं होतं," तो म्हणाला. "तीस वर्षं मी पोरांना तेच शिकवलं." त्याने पुन्हा ती गाडी चालवली नाही. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

इल्हानकडे मात्र मी गेले. तो पुनर्वसनाच्या इस्पितळात होता. मी उभ्याने, एका दमात सांगितलं. चूक गेरहार्डची नव्हती, माझी होती. माझा हात उलटा होता. त्याने ऐकलं. मग डाव्या हाताने उशाचा स्टीलचा थर्मास उचलला आणि फेकला. सवयीचा हात नसल्यामुळे तो भिंतीवर लागला, माझ्या कानाजवळ. गरम चहा मानेवर उडाला. "राऊस," तो म्हणाला. चालती हो. नर्स धावत आली तेव्हा तो दुसरं काहीतरी शोधत होता फेकायला.

त्यानंतर दोन हिवाळे. फोनवर कधीमधी युद्धाच्या बातम्या येतात. एकदा त्यात कुठल्याशा बर्फाळ मैदानात उभी, जळून काळी झालेली तसलीच जोडगाडी दिसली. पट्टे वितळून चाकांभोवती लोंबत होते. आतले सैनिक उतरले होते का, हे बातमीत नव्हतं. मी ताण मोजला होता, तुटण्याचा बिंदू काढला होता. हे कुठल्या आलेखात बसवायचं मला समजलं नाही. मी फोन पालथा ठेवून भाजी चिरायला घेतली.

आणि यंदा, बर्फ पडला त्याच दिवशी, इल्हानचा निरोप आला. गावाचं नाव, ‘शनिवारी दहा वाजता’, आणि ‘कामाचे कपडे’. एवढंच.

गाव इथून अर्ध्या तासावर, द्राक्षमळ्यांच्या उतारावर आहे. एका कोठारात त्याने दुरुस्तीचं दुकान काढलंय. तो जाडा झाला होता, दाढी पांढरी. उजव्या बाहीतून दोन लोखंडी बोटं बाहेर आलेली. त्याने नमस्कार केला नाही, हातही पुढे केला नाही. मधोमध एक छोटा ट्रॅक्टर उभा होता, चढावरच्या मळ्यांत वापरतात तो, चाकांऐवजी पट्टे असलेला. पट्ट्यात चिखल आणि बर्फ ठासून भरला होता. इंजिन चालू होतं.

इल्हान सीटवर चढून बसला. डावा हात दांड्यावर ठेवला. "काढ," म्हणाला.

"इंजिन चालू आहे."

"गेनाऊ." अगदी बरोबर.

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, हाताकडे बघत होता. मी मोजे काढून खिशात घातले आणि उजवा हात पट्टा आणि दातेरी चाक यांच्या मधल्या फटीत घातला. लोखंड थरथरत होतं, ती थरथर दंडातून दाढांपर्यंत आली. गार चिखलात माझी बोटं बुडाली. मी एक मूठ बाहेर काढली. परत हात घातला. दुसरी काढली. दांड्यावरची त्याची बोटं पांढरी पडली होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी रडत होते की नाक वाहत होतं, तेही नाही. मला पळून जावंसं वाटलं नाही, एवढं मात्र खरं आहे.

एकदम शांत झालं. त्याने इंजिन बंद केलं होतं. किल्ली काढून त्याने माझ्याकडे फेकली. ती माझ्या पायाशी पडली.

"उचल. खिशात ठेव," तो म्हणाला. "माझ्या दुकानात जो हात घालतो, किल्ली त्याच्या खिशात असते."

मग तो खाली उतरला, पहार घेतली आणि पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूने फोडायला लागला. पहार लोखंडी बोटांतून निसटायची. तिसऱ्यांदा निसटली तेव्हा मी पलीकडून तिचं टोक धरलं. त्याने सोडवून घेतली नाही. आम्ही तासभर काम केलं.

निघताना मी हात धुतले, किल्ली काढून त्याच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "इल्हान, मी..."

"मी तुला माफ केलेलं नाही," तो म्हणाला. "करेन असंही वाटत नाही." फडक्याने तो आपली लोखंडी बोटं एकेक करून पुसत होता. "पुढच्या शनिवारी ब्रेक काढायचेत. त्याला दोन हात लागतात. दहा वाजता ये."